थोरातसाहेबांचा दुभाष्या

“टेरी, त्या नऊ नंबरला क्षणभरही सोडायचं नाहीस,” थॉर्पसाहेब इंग्रजीत म्हणाले आणि त्यांनी बोट रोखले ते संभा साळोखेकडे.

संभाने माझ्याकडे पाहिले. गोल करून उभे असलेले बाकीचे चौदा जणही माझ्याकडे पाहू लागले. सकाळचे साडेसहा झाले होते. मैदानावर दव होते आणि मुलांच्या पोटऱ्या गुडघ्यापर्यंत ओल्या झाल्या होत्या.

“संभा, नऊ नंबरला क्षणभरही सोडायचं नाही,” मी मराठीत म्हणालो.

“ते कळलं की. टेरी म्हणजे काय ओ, यशवंतदा? शिवी हाय काय?”

“नाव आहे. कुणाचं तरी.”

“मग ऱ्हाऊ द्या. संभ्यापरास बरं हाय.”

पोरे हसली. साहेबही हसले. आपण काय चुकलो याची त्यांना कल्पना नव्हती, आणि ती त्यांना देण्याची गरज मलाही वाटली नाही. वाक्यातले एक नाव चुकले होते, ते मी बदलले. एवढेच झाले होते. त्या दिवसापासून मी जे करत गेलो, त्याची सुरुवात मात्र ही अशी झाली.

या गोष्टीला आता सदतीस वर्षे झाली. तेव्हा मी चौतिशीत होतो. यंत्र अभियांत्रिकीचा डिप्लोमा घेऊन उद्यमनगरातल्या एका ओतकामाच्या कारखान्यात नकाशे काढायचो आणि परदेशी गिऱ्हाइकांची पत्रे लिहायचो. म्हणून पेठेत मला ‘डिप्लोमा’ म्हणत. आमची पिंपळकट्टा तालीम तशी कुस्तीची. पण कोल्हापुरात कुस्तीच्या तालमीच फुटबॉलचे संघ पाळतात. पेठेतल्या माणसाला स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नसेल, पण तालमीने शेवटचा चषक कधी आणला ते तो बोटावर सांगेल. आमचा शेवटचा चषक चौदा वर्षांपूर्वीचा होता.

तालमीचे वस्ताद आप्पा चौगले. गोव्याहून आमच्याकडे एक फॉरवर्ड खेळायला यायचा, त्याच्याकडून त्यांना कळले की तिथल्या क्लबातून एक इंग्रज प्रशिक्षक मोकळा झाला आहे.

“गोरा हाय नव्हं? मग आणा की,” आप्पा म्हणाले. “शिकवंल न शिकवंल, समोरचं तरी भ्यायला पायजेत.”

असे लेस्ली थॉर्प कोल्हापुरात आले. वय एकसष्ट. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या गिरणगावांतल्या लहान क्लबांसाठी अकरा वर्षे स्टॉपर म्हणून, म्हणजे बचावाच्या मधोमध, खेळलेले. नंतर वीस वर्षे परदेशांत प्रशिक्षक: झांबिया, मलेशिया, सायप्रस आणि शेवटी गोवा. सहा आठवड्यांचा करार होता आणि राहायला तालमीच्या माडीवरची खोली. पेठेने आठ दिवसांत त्यांचे बारसे करून टाकले, थोरातसाहेब. संघाचा व्यवस्थापक मीच होतो, आणि इंग्रजीही मलाच येत होते. त्यामुळे साहेबांचा दुभाष्या होणे ओघानेच माझ्याकडे आले.

माणूस मोठा जाणकार होता, हे आधी लिहून ठेवले पाहिजे.

“बचाव म्हणजे शौर्य नव्हे, मिस्टर सरनाईक,” ते मला म्हणाले होते. “बचाव म्हणजे अंतर. तुम्ही योग्य अंतरावर उभे असाल तर अंग झोकून द्यायची वेळच येत नाही.”

मला ते फार पटले. अंतर मोजता येते. आमचा संभा तोवर अंग झोकूनच खेळत आला होता. ओतशाळेत साचे भरायचे काम करणारा, तेवीस वर्षांचा, दाराएवढा रुंद गडी. साहेब त्याला रोज अर्धा तास वेगळा घेत. दोन हात मागे, एक पाऊल आडवे, नजर चेंडूवर नाही तर माणसाच्या कमरेवर. महिन्याभरात संभा पळेनासा झाला. चेंडूच त्याच्याकडे यायला लागला. चेंडू डोक्याने मारायचा कसा, हेही साहेबांनी त्याला शिकवले. डोळे उघडे, मान ताठ, कपाळाचा मधला भाग. साहेबांच्या स्वतःच्या कपाळाची कातडी तिथे जाड झाली होती.

“आमच्या वेळचा चामड्याचा चेंडू पाऊस पिऊन विटेसारखा व्हायचा,” ते कपाळावर टिचकी मारून म्हणाले. “इथे अकरा वर्षं भिंत बांधलेली आहे.”

मी ते भाषांतर करून सांगितले तेव्हा संभा म्हणाला, “भिंतीच्या मागं कोण ऱ्हातंय का इचारा.”

ते मात्र मी साहेबांना सांगितले नाही.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी फळ्यावर संघाची आखणी काढली, तीत बारा खेळाडू होते. मी एक फुली पुसली. तिसऱ्या आठवड्यात कॉर्नरच्या वेळी कोणी कुठे उभे राहायचे हे त्यांनी आदल्या दिवशीच्या बरोबर उलट सांगितले. मी आदल्या दिवशीचेच सांगितले. एका सकाळी ते गोलकीपरला दहा मिनिटे कुठल्याशा रेल्वेच्या संघाबद्दल बजावत होते. मी त्याला एवढेच म्हणालो, “हात कोरडे ठेव.”

तंत्रनिकेतनात आम्हाला पहिल्याच महिन्यात एक नियम शिकवला होता. नकाशातले माप चुकले आहे असे कारागिराला वाटले, तर त्याने ते स्वतः दुरुस्त करायचे नाही. नकाशा काढणाऱ्याकडे परत पाठवायचा. कारण तुम्हाला चूक वाटते ती चूक असेलच असे नाही. बारा वर्षांच्या नोकरीत मी हा नियम एकदाही मोडला नव्हता. मैदानावर मी तो रोज मोडत होतो, आणि काम चांगले चालले होते.

चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी ते मला दूध कट्ट्यावर दिसले. समोर धार काढून दिलेले म्हशीचे दूध तिथेच उभ्याने प्यायचे, हा आमच्या गावचा शिरस्ता साहेबांना फार आवडला होता. त्या संध्याकाळी मात्र पेला हातात तसाच भरलेला होता आणि वरचा फेस केव्हाच बसला होता.

“मिस्टर सरनाईक,” ते हळू आवाजात म्हणाले, “मी राहतो कुठे?”

तालमीवरचा झेंडा तिथून दिसत होता. मी त्यांच्या हातातला पेला घेऊन खाली ठेवला आणि त्यांना चालवत नेले. दोनशे पावलांचे अंतर. निम्म्यावर आल्यावर ते थांबले.

“हे तुम्हाला आधीच कळलं होतं.”

“थोडंसं.”

“किती वेळा दुरुस्त करावं लागतं मला?”

“कधी कधी,” मी म्हणालो.

“रोज,” ते म्हणाले.

“डॉक्टरांना दाखवलंत?”

“गोव्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. कुठे घ्यायची ते सांगितलं नाही.” ते हसले. “बायको गेली. मुलगी कॅनडात आहे, नाताळला कार्ड पाठवते. हे जर बाहेर कळलं ना, तर मला परत कुणी मैदानावर उभं करणार नाही. आणि मैदान सोडून मला दुसरं काही येत नाही. दोन आठवडे राहिलेत. तेवढे मला पुरे करू द्या.”

“आप्पांना सांगायला हवं.”

“सांगू नका. मी चुकीचं बोललो तर तुम्ही दुरुस्त करून सांगा. आताही तेच करताय.”

“आणि मला कळलं नाही तर? काय बरोबर, काय चूक?”

“तुम्ही इंजिनिअर आहात,” ते म्हणाले. “कळेल तुम्हाला.”

मी होकार दिला. दुसरे काय करता आले असते, याचा हिशोब मी पुढे पुष्कळ वेळा मांडला. त्या वेळी मांडला नाही. जिना चढताना मी त्यांना विचारले, “टेरी कोण?”

ते दाराशी थबकले. बराच वेळ त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी शोधल्यासारखे भाव होते.

“कोण टेरी?” त्यांनी मलाच विचारले.

अंतिम सामना रविवारी दुपारी होता. समोर मंगळेश्वर तालीम. स्टेडियम दुपारी एकलाच भरले होते. भिंतीवर माणसे, झाडावर माणसे. आमच्या बाजूला हलग्या कडाडत होत्या. बाविसाव्या मिनिटाला आमच्या गोव्याच्या फॉरवर्डने गोल केला आणि पेठ उठून उभी राहिली, ती मध्यंतरापर्यंत बसलीच नाही.

मध्यंतरात मुले लिंबाच्या फोडी चोखत साहेबांभोवती बसली. साहेब उभे राहिले.

“आपण दोन गोलांनी मागे आहोत,” ते शांतपणे म्हणाले. “घाबरू नका. लुसाकाच्या या उन्हात ते दमतील.”

चौदा चेहरे माझ्याकडे वळले. आप्पा मागे कमरेवर हात ठेवून उभे होते.

मी बोलायला सुरुवात केली. आपण एका गोलाने पुढे आहोत. तो राखायचा म्हणजे मागे पळत सुटायचे नाही, अंतर राखायचे. चेंडूमागे दोघांनी जायचे नाही. ऊन डाव्या बाजूच्या पोरांच्या डोळ्यांवर येणार आहे, म्हणून उंच चेंडू संभाने घ्यायचे. साहेबांनी महिनाभर शिकवलेले सगळे मी त्यांच्याच क्रमाने सांगितले. साहेब मधूनमधून झांबियातल्या लुसाकाबद्दल बोलत होते, आणि प्रत्येक वाक्यानंतर माझ्यासाठी थांबत होते.

“साहेब आज लई झकास बोलला,” आप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. “डिप्लोमा, ह्यो माणूस आपल्याला पाच वर्सं पायजे.”

उत्तरार्धात मंगळेश्वरवाल्यांनी नेट लावला. सामना संपायला बावीस मिनिटे उरली असताना उजवीकडून एक उंच चेंडू आला. त्यांचा नऊ नंबर आणि आमचा संभा, दोघे एकदमच उडाले. लाकडी हातोडा साच्यावर बसावा तसा आवाज झाला. एवढ्या कल्लोळात तो मला रेषेवर ऐकू आला.

दोघेही पडले. संभा आधी उठला. आमच्या बाजूने एकच आरोळी झाली. रक्ताचा थेंब नव्हता. पंचाने त्याच्याजवळ जाऊन काही विचारले, त्याने मान हलवली. मग तो गुडघ्यांवर हात ठेवून, खाली मान घालून उभा राहिला.

साहेबांनी माझा दंड धरला.

“टेरीला बाहेर काढा.”

“साहेब, तो संभा आहे.”

“टेरीला बाहेर काढा. आत्ता. त्याचे हात बघा कुठे आहेत.”

बदली खेळाडूची चिठ्ठी माझ्या खिशात होती. नाव लिहायचे, सही करायची आणि रेषेवरच्या पंचाच्या हातात द्यायची. पंधरा सेकंदांचे काम. पण संभाच्या जागी घालायला आमच्याकडे एक एकोणीस वर्षांचा पोर होता, ज्याने त्या हंगामात एक सामनाही पुरा खेळला नव्हता. आणि अर्ध्या तासापूर्वी हेच साहेब लुसाकात होते.

“काय म्हणालंय?” मागून आप्पा ओरडले.

साहेब रेषेच्या आत एक पाऊल गेले. “टेरी!” त्यांनी हाक मारली. “टेरी, बाहेर ये!”

संभाने हाक ऐकली. त्या नावाला तो आता सरावला होता. त्याने मान वर केली, पण पाहिले ते साहेबांकडे नाही, माझ्याकडे. साहेब काय म्हणतात ते मी सांगितल्याशिवाय ऐकायचे नसते, हे सगळ्यांना अंगवळणी पडले होते. त्याने हात उचलून पंजा उताणा केला. म्हणजे, काय म्हणतायत?

मी विचार केला असे म्हणता येणार नाही. सवय झाली होती. मी तळहात हलवून त्याला खूण केली: काही नाही, खेळ.

“काय म्हणालंय, आरं?” आप्पा माझ्यापर्यंत आले होते.

“नऊ नंबरला मोकळं सोडू नका म्हणतायत.”

“बरोबर हाय,” आप्पा म्हणाले आणि तेच वाक्य हातांचा कर्णा करून मैदानात फेकले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मग ते बाकावर जाऊन बसले. पाचेक मिनिटांनी त्यांनी मला विचारले, “हे गाव कोणतं?” खोटे कशाला सांगू, त्या प्रश्नाने मला हायसे वाटले. मी बरोबर होतो.

उरलेल्या वेळात संभाने सहा वेळा चेंडू डोक्याने परतवला. मी मोजले, मोजणे हा माझा स्वभाव आहे. शेवटचा तर गोलरेषेवरून काढला. शिट्टी झाली आणि पेठ मैदानात उतरली.

मिरवणूक निघाली तेव्हा अजून ऊन होते. गुलालाने माणसे ओळखू येत नव्हती. संभाला खांद्यावर घेतले होते, साहेबांना फेटा बांधून उघड्या जीपमध्ये बसवले होते, आणि बाया माड्यांवरून त्यांना ओवाळत होत्या. पेठेच्या तोंडाशी संभा खाली उतरला आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. मी त्याच्याजवळ गेलो.

“काय रे, दमलास?”

“डोकं चढलंय,” तो म्हणाला. मग त्याने माझ्या गुलालाने माखलेल्या सदऱ्याकडे पाहिले. “यशवंतदा, मॅच कधी हाय?”

मला वाटले तो गंमत करतो आहे. तेवढ्यात तो ओकला, आणि बसल्या जागीच एका अंगावर कलंडला.

पुढचे थोडक्यात सांगतो. दिवेलागणीला त्याला मिरजेला हलवले आणि डोक्याची शस्त्रक्रिया झाली. अकराव्या दिवशी त्याने डोळे उघडले. तो आणखी एकवीस वर्षे जगला, बोलला नाही. उजवा हात गेला. त्याची आई हौसाबाई कपिलतीर्थ बाजारात भाजी विकायची, ती त्याला सकाळी भरवून, दाराला बाहेरून कडी घालून जायची. साहेब महिनाअखेरीस कोल्हापूर सोडून गेले. त्यांच्या मुलीला मीच पत्र लिहिले होते. ती येऊन त्यांना घेऊन गेली. दोन वर्षांनी तिचे चार ओळींचे पत्र आले, ते वारल्याचे. मी डिप्लोमाच राहिलो, पुढे त्याच कारखान्याच्या नकाशा विभागाचा प्रमुख झालो आणि निवृत्त झालो.

सांगायचे आहे ते तिसऱ्या दिवशीचे, मिरजेच्या त्या दवाखान्यातल्या लांब ओसरीचे.

बाकावर हौसाबाई बसल्या होत्या. मांडीवर भाकरीचे फडके, न सोडलेले. आप्पा येरझारा घालत होते. साहेब भिंतीशी उभे होते, हॅट दोन्ही हातांत धरून. त्या दिवशी त्यांचे डोके लख्ख होते. सकाळी गाडीत त्यांनी मला संभाचे नाव नीट घेऊन विचारले होते, त्याच्या आईचेही. डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते की जीव वाचेल असे वाटते, पण मागे काय उरेल ते आज सांगता येणार नाही; आणि टक्कर झाल्याबरोबर पोराला मैदानाबाहेर काढायला हवे होते.

आप्पा साहेबांसमोर उभे राहिले.

“त्येला इचार, डिप्लोमा,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे तो अधिक लागत होता. “म्हणावं, अकरा वर्सं तू मधी उभा ऱ्हायलास. जल्मभर टकरा खाल्ल्यास. आम्ही अडाणी. आम्हांस्नी वाटलं, उठला म्हणजे बरा हाय. तुला दिसलं न्हाई?”

मी हौसाबाईंकडे पाहिले.

“इचार की! तुझं काम हाय ते.”

ते माझे काम होतेच. मी त्या माणसाच्या डोळ्यांत पाहून त्याला इंग्रजीत विचारले, तुम्हाला दिसलं नाही का. आप्पांचे एकही वाक्य मी गाळले नाही.

साहेब हॅटची कड फिरवू लागले.

“टेरी माझ्या शेजारी खेळायचा,” मग ते म्हणाले. “नऊ वर्षं. तुम्ही मला एकदा विचारलं होतंत, तेव्हा मला सापडला नव्हता तो. एका शनिवारी असाच आपटला. उठला, गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला. मी कप्तान होतो. मी विचारलं, ठीक आहेस? तो हो म्हणाला. मी म्हटलं, मग चल, कॉर्नर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोने त्याला हलवून पाहिलं.”

“काय सांगालंय?” आप्पांनी विचारले. मी हाताने त्यांना थांबवले.

“त्यानंतर मी एकाही देशात, एकाही सामन्यात, डोक्याला लागलेला गडी आत ठेवला नाही,” साहेब म्हणाले. “क्लबमालक ओरडले, कप हुकले, नोकरी गेली एकदा. ठेवला नाही. हे माझ्या हाडात आहे, मिस्टर सरनाईक. माझं नाव विसरेन मी, पण हे नाही. मग परवा मी काहीच का बोललो नाही?”

ओसरीत कोणी तरी लोखंडी खाट ओढत नेत होते. ती वळणाआड जाईपर्यंत ते थांबले.

“मला त्या दुपारचं काहीच आठवत नाही. फेटा आठवतो. तुम्ही माझ्या शेजारी होतात. नीट आठवून सांगा. मी काहीच बोललो नाही का?”

मी ‘नाही’ म्हणालो नाही. एवढे एक खोटे मी बोललो नाही. पण ‘हो’ म्हणण्यासाठी तोंड उघडले, तेव्हा समोर हौसाबाई होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हते. तरी त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, जसा संभा पाहत होता. ते वाक्य इंग्रजीत म्हटले असते तर लगेच मराठीतही म्हणावे लागले असते. दोन्ही भाषा मला येत होत्या. त्यांतली एकही माझ्या मदतीला आली नाही.

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांचा चेहरा सैल पडला आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“समजलं,” ते म्हणाले. “तुम्ही सज्जन आहात. तोंडावर सांगायला तुम्हाला जड जातंय.”

“साहेब...”

“असू दे. आता मी सांगतो ते त्यांना सांगा.” ते हौसाबाईंसमोर गेले आणि त्यांच्या उंचीला यावे म्हणून दुखरे गुडघे वाकवून फरशीवर बसले. “म्हणावं, मला दिसलं नाही. ते बघणं माझं काम होतं, आणि मी ते केलं नाही. असंच सांगा. या वेळी काही दुरुस्त करू नका.”

“काय म्हणत्यात?” हौसाबाईंनी मला विचारले.

मी सांगितले. त्यांना दिसलं नाही. ते बघणं त्यांचं काम होतं, आणि त्यांनी ते केलं नाही. शब्दाला शब्द, एकही न बदलता.

आप्पांनी तोंड फिरवले. हौसाबाई समोर बसलेल्या त्या पांढऱ्या डोक्याकडे पाहत राहिल्या. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता.

“वय झालंय त्येंचं,” त्या म्हणाल्या. “उठवा त्येंना. फरशी गार हाय. कालधरनं काय खाल्लंय का, इचारा.”

मी विचारले. साहेबांनी नाही म्हणून मान हलवली.

हौसाबाईंनी मांडीवरचे फडके सोडले, भाकरी मोडली, तिच्यावर झुणका ठेवला आणि अर्धी साहेबांच्या हातात दिली. उरलेली अर्धी त्यांनी माझ्यापुढे धरली.

“तुमीबी घ्या, यशवंतदा,” त्या म्हणाल्या. “तीन दिस झालं, सगळ्यांचं बोलणं तुमच्याच अंगावर पडतंय.”

मी ती घेतली आणि तिथेच, त्यांच्यासमोर उभा राहून, शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.